गोटीची निरोपवही

मित्रांनो, नव्या वह्या बोलत नाहीत, कारण त्यांच्यापाशी सांगण्यासारखे काही नसते. मी जुनी झाले आहे. माझी दीडशे पाने भरली, बेचाळीस कोरी राहिली, आणि ती आता कोरीच राहणार आहेत. घरी जिला सगळे गोटी म्हणतात, त्या मुलीची मी निरोपवही. घरचा निरोप शाळेत आणि शाळेतला निरोप घरी पोचवायचा, एवढेच माझे काम होते. ते मी कसे केले ते सांगते. ऐकून झाल्यावर मला नावे ठेवलीत तरी चालेल.

मी दुकानातून आणलेली नाही. गोटीचे बाबा बाइंडर आहेत. छापलेली पुस्तके शिवून बांधायच्या कारखान्यात त्यांनी बावीस वर्षे काढली आहेत. गोटी चार वर्षांची झाली, तिचे शाळेत नाव घातले, आणि शाळेने यादी पाठवली : दप्तर, डबा, पाण्याची बाटली, हातरुमाल, निरोपवही एक. बाकी सगळे बाजारातून आले. वहीचे नाव निघाले तेव्हा मात्र बाबा म्हणाले, "वही विकत आणली तर कारखान्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला."

मालकांना विचारून त्यांनी महिनाभर निरनिराळ्या कामांतले उरलेले कागद बाजूला काढून ठेवले. म्हणून माझी काही पाने पांढरी आहेत, काही सायीच्या रंगाची, आणि मधली सोळा चांगली जाडजूड. त्यांनी घड्या घातल्या, दाभणाने भोके पाडली, मेण लावलेल्या दोऱ्याने पाने शिवली, पाठीला खळ लावली आणि दोन दिवस मला दाबाखाली ठेवले. वरून निळे कापड चढवले. आजचे पान चटकन सापडावे म्हणून आत एक लाल फीत बसवली. बाजारच्या वह्या हात काढला की मिटतात. मी तशी नाही. मला कुठेही उघडा, मी टेबलावर सपाट पडून राहते. कारखान्यात सगळ्यांनी मला हातोहात फिरवले. "एवढी देखणी वही, आणि चार वर्षांच्या पोरीला?" एकाने विचारले. "पोरीला नाही हो, तिच्या बाईंना," बाबा म्हणाले. माझी मान ताठ झाली होती, खोटे कशाला बोलू?

त्या कारखान्याची एक रीत तुम्हाला सांगायलाच हवी, कारण पुढचे सगळे तिच्यापायी घडले. तिथे खिडकीजवळच्या टेबलाशी एक म्हातारे तपासनीस बसतात. बांधून झालेले प्रत्येक पुस्तक त्यांच्यापुढे जाते. अंगठ्याने एकेक पान उलटत ते पूर्ण पुस्तक पाहतात. एखादे पान उलटे लागले असेल, एखादे निसटले असेल, तर पुस्तक परत फेकतात आणि वर चार शब्द सुनावतात. सगळे ठीक असेल तरच शेवटच्या पानावर शिक्का मारतात : 'तपासले'. बावीस वर्षांत शिक्का मारलेले एकही पुस्तक परत आल्याचे बाबांना आठवत नाही. त्यांच्या लेखी तो शिक्का म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

गोटीच्या शाळेचा नियम असा होता की पालकांनी फाटकाच्या आत यायचे नाही. आई-बाप दिसले की मुले रडतात आणि वर्ग तासभर बसत नाही, म्हणून. काही सांगायचे असेल तर निरोपवहीत लिहायचे. बाई रोज मधल्या सुट्टीत वह्या पाहतील आणि पाहिल्याची खूण करतील. पहिल्या दिवशी बाबांनी कारखान्यातून आल्यावर हातपाय धुतले, मांडी घातली आणि माझ्या पहिल्या पानावर लिहिले :

"आज गोटीला सोडलं. फाटकाशी तिने माझं बोट सोडलं आणि मागे न बघता आत गेली. बाकीची मुलं रडत होती. मला वाटलं होतं ती रडेल आणि मग मी समजूत काढीन. काय काय बोलायचं ते ठरवून आलो होतो. ते राहूनच गेलं. दिवसभर काम करताना बोटाला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. तिने डबा खाल्ला का, एवढं कळवावं."

बाईंनी ते वाचले. हो, वाचले, मी साक्षीला आहे. त्या गालात हसल्या आणि खाली लिहिले, "डबा खाल्ला. मुलगी गोड आहे." ते दोन शब्द बाबांनी गोटीच्या आईला तीनदा वाचून दाखवले. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "अहो, मला पाठ झालं आता. भाजीला मीठ घालू का मी?"

बाई वाईट नव्हत्या. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही त्यांना वाईट ठरवून मोकळे व्हाल. वर्गात चौपन्न मुले होती. कोणाची नाडी सुटलेली, कोणाचे नाक वाहते, कोणाला आत्ताच्या आत्ता आई हवी. पहिल्याच दिवशी बाईंनी रडणारी मुले पुढे बसवली, म्हणजे हाताशी राहतील, आणि न रडणारी मागे. गोटी रडली नव्हती. तिला शेवटच्या रांगेत, दाराजवळची जागा मिळाली. दारापलीकडे लांब ओसरी, आणि ओसरीवर सदानकदा दुसऱ्या वर्गांची धावपळ.

पहिला आठवडा बाईंनी सगळ्या वह्या वाचल्या. दुसऱ्या आठवड्यात अर्ध्या वाचल्या. मग वरून हुकूम आला की रोज प्रत्येक वहीवर खूण दिसलीच पाहिजे. तेव्हा बाईंनी शिक्का करून घेतला. त्यावर काय कोरले होते, सांगू? 'तपासले'.

बाबांनी तो शिक्का पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला की मला आधी बरेच वाटले. "बघ," ते आईला म्हणाले, "आमच्यासारखंच आहे शाळेत. एकेक पान बघतात."

आता त्या घराविषयी थोडे. कारखान्यात कागद कापायचे मोठे यंत्र आहे. त्याच्याशेजारी बावीस वर्षे उभे राहून बाबांचे कान निम्मे निकामी झाले आहेत. गोटीची आई बसच्या डेपोत तिकिटांच्या खिडकीवर बसते. काचेच्या छोट्या भोकातून दिवसभर लोकांवर ओरडायचे ही तिची नोकरी. त्यामुळे त्या दोन खोल्यांत सगळे टिपेच्या आवाजात बोलतात. कोणी हळू बोललेच तर दुसरा विचारतो, "बरं नाही का तुला?" शेजारच्यांना वाटते, यांच्याकडे रोज भांडण असते. अशा घरात गोटीला सगळे ऐकू येत होते. निदान येते आहे असे दिसत होते.

बाबा रोज लिहीत. लिहायची त्यांना सवय नव्हती. जन्मभर दुसऱ्यांचे लिहिलेले बांधले, आता स्वतःचे काही लिहायला मिळाले, म्हणून एकेक पान भरून काढत. मला ती पाने पाठ आहेत.

"काल गोटीने विचारलं, बाबा, तुम्ही शाळेत कुठल्या खुंटीला दप्तर लावायचात? मी म्हटलं, आमच्या शाळेत खुंट्या नव्हत्या. तिला माझं फार वाईट वाटलं. म्हणाली, माझी देईन तुम्हाला."

"मूल शाळेत गेलं की त्याचे पाच तास आपल्याला माहीत नसतात. चार वर्षं तिचा एकेक तास आम्हाला ठाऊक होता. आता ती घरी येते तेव्हा पाच तासांनी मोठी होऊन येते आणि ते पाच तास तुमच्याकडे राहतात. म्हणून मी इतकं विचारतो. राग मानू नये."

या पानावर शिक्का जरा तिरका पडला आहे. त्या वेळी बाई एका हाताने कोणाच्या तरी शर्टाची गुंडी लावत होत्या.

मग गोटीला सर्दी झाली आणि कान दुखू लागला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी थेंब दिले. चार दिवसांत दुखणे थांबले. दुखायचे थांबले म्हणजे बरे झाले, असे सगळ्यांनी धरले. बाबांनी मात्र माझ्यात लिहून ठेवले, कारण ते सगळेच लिहीत.

"उशीच्या अभ्र्यावर सकाळी पिवळा डाग होता. वास येतो. दुखतं का विचारलं तर नाही म्हणते."

पंधरा दिवसांनी : "परत डाग. या वेळी दोन्ही बाजूंना."

महिन्याने : "मी दारातून हाक मारली, तिने वळून पाहिलं नाही. खेळात असेल. तुमच्याकडेही असंच करते का?"

शिक्का. शिक्का. शिक्का.

मित्रांनो, मी दप्तरात बसून शाळेत जात होते आणि दप्तरात बसून घरी येत होते. शाळेतले मी पाहत होते, घरचे मी वाचत होते. वर्गात गाणे सुरू झाले की गोटी शेजारच्या मुलीच्या तोंडाकडे पाहायची आणि अर्ध्या ओळीनंतर ओठ हलवायची. बाई फळ्याकडे तोंड करून बोलत तेव्हा ती हातातला खडू चोळत बसायची. कोणी मागून आले की दचकायची. दोन्हीकडचे निम्मे निम्मे माझ्यापाशी होते. जोडून सांगायला मात्र तोंड नव्हते. मला पाने दिली, फीत दिली, निळे कापड दिले, आणि ऐन गरजेला उपयोगी पडेल असे काहीच दिले नाही.

एके दिवशी बाईंनी गोटीला खडूंचा डबा आणायला सांगितले. तीनदा सांगितले. गोटी तिसऱ्यांदाही जागची हलली नाही, तेव्हा बाई चिडल्या. साहजिकच होते, त्या दिवशी त्यांचा स्वतःचाच घसा बसला होता. त्यांनी माझ्यात लाल शाईने लिहिले, "वर्गात लक्ष देत नाही. घरी समज द्यावी."

त्या संध्याकाळी बाबांनी ते वाचले. लाल शाई म्हणजे त्यांना कामात खोट काढल्यासारखे वाटले. मग त्यांनी लिहिले, आणि ते पान मी कधी विसरणार नाही :

"बाई, गोटी लक्ष देणारी मुलगी आहे. माझा कागद कुठे दुमडला ते तिला माझ्याआधी दिसतं. पण मागून हाक मारली तर वळत नाही. आम्ही घरी मोठ्याने बोलतो, त्यामुळे आम्हाला नक्की कळत नाही. तिला कमी ऐकू येत असेल का? तुम्ही तिला चौपन्न मुलांत बघता. तुम्हाला तसं वाटत असेल तर एक शब्द लिहा. मी काम सोडून मोठ्या दवाखान्यात नेतो. उत्तराची वाट बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्गात गेले ती छाती धडधडत. वहीला छाती नसते हे मला ठाऊक आहे, पण जे झाले त्याला दुसरे काय म्हणू? मधल्या सुट्टीत शाळेतल्या मावशींनी चौपन्न वह्यांचा ढीग टेबलावर आणून ठेवला. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका मुलाचा घोळणा फुटला. बाईंनी डाव्या हाताने त्याचे डोके मागे धरले आणि उजव्या हाताने शिक्के मारायला घेतले. बाकीच्या वह्या आडमुठ्या होत्या. त्या मिटत होत्या, पाने उडत होती, बाईंना थांबून त्या दाबून धराव्या लागत होत्या. माझी पाळी आली. फीत ओढली, मी उघडले, सपाट. एकदा तरी मिटावे म्हणून मी जीव तोडून प्रयत्न केला. पान नुसते हलले असते तरी बाईंची नजर खाली गेली असती. पण बाबांचे काम चोख होते. शिक्का 'वाट बघतो' याच्या अगदी खाली बसला, आणि बाईंचा हात पुढच्या वहीकडे गेला.

संध्याकाळी बाबांनी मला उघडले. शिक्का पाहिला. आणि मित्रांनो, त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"तपासलंय," ते म्हणाले. "तसं काही असतं तर लिहिलं असतं त्यांनी."

गोटीची आई भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला. "अहो, वहीत काय लिहीत बसता? एकदा जाऊन विचारा की तोंडाने."

"अगं, फाटकाच्या आत घेत नाहीत."

"मग फाटकाशी उभे राहा. बाई काय शाळेतच झोपतात का? घरी जातच असतील ना?"

"चौपन्न पोरं बघतात त्या. मला एक कळत नाही, त्यांना चौपन्न कळतात. त्यांनी बघून शिक्का मारलाय. आता मी जाऊन विचारायचं म्हणजे तुमच्यावर विश्वास नाही असं म्हणायचं. आमच्या तपासनिसाला असं विचारलं तर तो माझं तोंड बघणार नाही जन्मात."

तिला पहाटेची पाळी होती आणि सकाळपासूनचा आवाज संपला होता. तिने नळ पुन्हा सुरू केला. मी त्या माऊलीला दोष देत नाही. पण ती त्या दिवशी आणखी दोन वाक्ये बोलली असती तर बरे झाले असते.

त्यानंतर गोटी एक गोष्ट शिकली. शाळेत बाई विचारत, "समजलं?" आणि चौपन्न माना हलत. गोटीने पाहिले की मान हलवली आणि 'हो' म्हटले की कोणी ओरडत नाही. तिने ते पक्के केले. पाणी हवे का? हो. गाणे येते का? हो. खिडकीची काच तू फोडलीस का? हो. काच तिने फोडली नव्हती, तरी त्यासाठी ती कोपऱ्यात उभी राहिली, कशासाठी ते न कळता. घरीही तेच. डबा संपवलास? हो. आज मजा आली? हो. अंधुक आवाज आणि हलणारे ओठ यांतून तिने आपल्यापुरती ही एक वाट काढली होती. पूर्वी ती 'काय?' म्हणून विचारायची, ते तिने सोडून दिले.

आणि बाबांनी लिहिले : "गोटी आता शहाणी झाली आहे. हट्ट करत नाही, उलट विचारत नाही, सगळ्याला हो म्हणते. हे तुमच्या शिकवण्यामुळे झालं. तुमचे उपकार आहेत."

हे वाक्य मला दप्तरातून वाहून न्यावे लागले. त्याच्यावरही शिक्का आहे.

वर्ष संपताना शाळेने पालकांना बोलावले. त्या दिवशी फाटक उघडे होते. बाबा धुतलेला शर्ट घालून तासभर आधीच आले आणि वर्गाच्या दाराशी उभे राहिले. बाई टेबलापाशी उभ्या राहून एकेकाला चित्राचा कागद द्यायला हाका मारत होत्या. त्यांनी गोटीचे शाळेतले नाव घेतले. गोटी खिडकीकडे तोंड करून बसली होती. बाईंनी पुन्हा हाक मारली, मग आणखी मोठ्याने. शेजारच्या मुलीने कोपर मारले, तेव्हा गोटी ताडकन उठली आणि म्हणाली, "हो!" सगळा वर्ग हसला. गोटीही हसली, सगळे हसत होते म्हणून.

बाई बाबांकडे पाहून हसल्या. "हे असं रोजचं आहे तुमच्या लेकीचं. हाकेला ओ म्हणून देत नाही."

"मी विचारलं होतं तुम्हाला," बाबा म्हणाले.

"काय विचारलं होतं?"

"वहीत."

बाईंना काही कळेना. बाबांनी वाद घातला नाही. ते सरळ वर्गात आले, शेवटच्या रांगेत गोटीच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी टाळी वाजवली. मग आणखी जोरात वाजवली. त्यांचे हात दाभणाने आणि दाबयंत्राने निबर झालेले, खोलीत फटाका फुटावा तसा आवाज झाला. त्रेपन्न मुलांनी मागे वळून पाहिले. गोटी मिळालेला कागद घेऊन जागेवर बसली होती आणि त्यावरच्या माशाला निळा रंग देत होती. ती रंग देतच राहिली.

मोठ्या दवाखान्यातल्या माणसांनी गोटीला एका बंद खोलीत बसवून कान तपासले, यंत्रात झोपवून डोक्याचे फोटो काढले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी सरळ सांगितले. कानांमागे आत एक रोग वाढत होता, तो हाड कुरतडत गेला आहे. डाव्या कानाचे काही उरलेले नाही. उजव्याचे थोडे आहे, तेही जाईल. दोन्हीकडे शस्त्रक्रिया करावी लागेल, पण ती रोग मेंदूकडे जाऊ नये म्हणून. ऐकू येण्यासाठी नाही.

"हे एका दिवसात होत नाही," त्या म्हणाल्या. "कान कधीपासून वाहत होते, काही आठवतंय का?"

बाबांनी पिशवीतून मला काढले आणि त्यांच्यापुढे ठेवले. मी सपाट उघडले.

माझी पहिली खरी वाचक त्या डॉक्टरीणबाई. त्यांनी एकेक पान उलटून वाचले, अगदी कारखान्यातल्या तपासनिसासारखे. पिवळा डाग, तारीख. वास, तारीख. मागून हाक, तारीख. मग ते लांबलचक पान. वाचता वाचता त्यांची बोटे थांबली.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"इतकं सगळं तुमच्या लक्षात आलं होतं?" त्यांनी वर पाहिले. "मग तेव्हाच का नाही आणलंत हो तिला? त्या वेळी आणलं असतं तर निदान उजवा कान वाचवला असता मी."

बाबांनी शिक्क्यावर बोट ठेवले. त्या खोलीत, त्या डॉक्टरीणबाईंपुढे, ते कारण कारण राहिलेच नव्हते. ज्या वहीचा त्यांना एवढा अभिमान होता, तीच त्यांच्याविरुद्ध साक्ष देत टेबलावर पडली होती. मी मिटावे असे मला तेव्हाही फार वाटले.

डाव्या कानाची शस्त्रक्रिया झाली. उजव्याची झाली. रोग काढला. गोटीच्या दोन्ही कानांमागे टाके आले. उजव्या कानाला एक यंत्र बसवून पाहिले, त्यातून तिला घरघर ऐकू येते, शब्द नाहीत. ती ते काढून उशीखाली ठेवते. शाळेने सांगितले की आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही. जिथे सोय आहे ती शाळा दोन बस बदलून जायच्या अंतरावर आहे आणि तिथे पुढच्या वर्षीही जागा नाही.

दाखला न्यायला बाबा गेले तेव्हा बाईंनी मला मागून घेतले. सुट्टी लागली होती, वर्ग रिकामा होता. त्या मुलांच्या छोट्या खुर्चीवर बसल्या, गुडघे हनुवटीशी आले, आणि पहिल्या पानापासून वाचू लागल्या. खुंटीच्या गोष्टीशी त्या हसल्या. पुढे हसणे बंद झाले. उपकाराच्या वाक्यापाशी त्यांनी मला मिटले आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवले.

"मी वाचलं असतं तर..." त्या म्हणाल्या.

"हो," बाबा म्हणाले.

त्यांनी बाईंना धीर दिला नाही आणि बोलही लावला नाही. जाताना दारात थांबून एवढेच म्हणाले, "मलाही दोन पाय होते, बाई. चालत यायचं होतं मी."

त्यानंतर बाबांनी माझ्यात एक अक्षर लिहिलेले नाही. एकदा ते मला कारखान्यात घेऊन गेले आणि रद्दीच्या पोत्यापाशी बराच वेळ उभे राहिले. मग परत घरी आणले. आता मी दोऱ्याच्या रिळांशेजारी फळीवर असते. माझ्यावर धूळ आहे. कोणी पुसत नाही, आणि पुसावी असे मलाही वाटत नाही.

परवा दुपारी फळीवरून मी पाहिले. बाबा गोटीसमोर जमिनीवर बसले. तिच्या कानांमागचे टाके आता सुकले आहेत. तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून त्यांनी विचारले, "गोटे, बाबाने फार उशीर केला. तू रागावलीस का माझ्यावर?"

गोटीने त्यांच्या ओठांकडे नीट पाहिले. मग मान हलवून हसली. "हो."

बाबांनी पुन्हा विचारले, "नाही ना रागावलीस?"

"हो," गोटी म्हणाली, तितक्याच गोड हसून.

तिला काय वाटते ते बाबांना आता कोण सांगणार? त्यांनी तिला जवळ घेतले आणि मोठ्याने काहीबाही बोलत राहिले, शेजारच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. ती त्यांच्या शर्टाच्या गुंडीशी खेळत होती.

मित्रांनो, माझी कव्हरे जपा, पाने फाडू नका, असे सांगायला मी आलेली नाही. माझी पाने अजून शाबूत आहेत, आणि त्याचा कोणाला काही उपयोग झाला नाही. तुमच्या वर्गात, तुमच्या घरात, सगळ्यात मागे बसलेले, कधी न रडणारे कोणी असेल. ते विचाराल त्याला 'हो' म्हणत असेल. त्याच्यासमोर जाऊन बसा आणि पुन्हा एकदा विचारा. उत्तर 'हो' आले, तरी आणखी एकदा विचारा.